पाणसळ कशाला लावायची : स्टिरिओ छायाचित्रणातील समपातळीचा प्रश्न

स्टिरिओ छायाचित्रण शिकायला घेतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक सूचना मिळते : कॅमेरा सरळ धरा, समपातळीत ठेवा. सूचना चांगली आहे, पण तिच्यामागचे कारण फारसे कोणी सांगत नाही. कारण न कळता पाळलेल्या नियमाचे जे होते तेच इथेही होते. जिथे थोडा कल सहज चालला असता तिथे लोक पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणण्यात वेळ घालवतात, आणि जिथे कल अजिबात चालणार नाही तिथे कॅमेऱ्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ पाहून निर्धास्त होतात. समपातळीत काय असायला हवे, कशाच्या तुलनेत असायला हवे आणि ते कधी महत्त्वाचे ठरते, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. या प्रस्तावनेत ते वेगळे करून पाहायचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे : स्टिरिओसाठी समपातळी हवी ती कॅमेऱ्याच्या खोक्याला नव्हे, तर ज्या दोन जागांवरून चित्रे घेतली त्या जागांना जोडणाऱ्या रेषेला. या रेषेची चूक बाकीच्या चुकांपेक्षा गंभीर आहे, कारण विशिष्ट परिस्थितीत ती नंतर कोणत्याही उपायाने पूर्ण दुरुस्त होत नाही.

आधी विषयाची ओळख करून घेऊ. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला तेच दृश्य किंचित निराळे दिसते. जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीपुढे एका डोळ्याला थोडी डावीकडे दिसते, दुसऱ्याला थोडी उजवीकडे. या आडव्या फरकातून मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सप्रमाण मांडले. छायाचित्रणाचा शोध तोवर जाहीर झालेला नव्हता. व्हीटस्टन यांनी साध्या रेघांची दोन चित्रे काढली, ती आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्यापुढे ठेवली आणि सपाट कागदावरची आकृती घनरूपात उभी राहिली. पुढे १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा आटोपशीर स्टिरिओस्कोप सुचवला, पॅरिसच्या ज्यूल द्युबॉस्क यांनी तो बनवला आणि १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनानंतर त्याची घरोघरी मागणी सुरू झाली. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास हातात धरायचा स्वस्त दर्शक तयार केला. अंडरवुड अँड अंडरवुड या कंपनीसाठी जेम्स रिकाल्टन यांनी टिपलेला भारतातल्या शंभर दृश्यांचा संच याच परंपरेतला. आरसे गेले, भिंगे आली, लाल-निळ्या काचा आल्या, ध्रुवित प्रकाशाचे चष्मे आले, डोक्यावर चढवायचे पडदे आले. साधने बदलली तरी व्हीटस्टन यांनी दाखवलेली अट तीच राहिली : दोन चित्रांतला फरक हा डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने, म्हणजे आडवाच असला पाहिजे.

ही अट इतकी कडक का, हे डोळ्यांच्या रचनेवरून कळते. आडव्या दिशेने आपले डोळे मोठ्या हालचाली सहज करतात. तीस सेंटिमीटरवर धरलेले पुस्तक वाचताना दोन्ही दृष्टिरेषा एकमेकींशी सुमारे बारा अंशांचा कोन करतात. नजर उचलून डोंगराकडे पाहिले की तो कोन जवळपास शून्यावर येतो. दिवसभरात हे हजारो वेळा घडते आणि आपल्याला जाणवतही नाही. उभ्या दिशेने मात्र एक डोळा वर आणि दुसरा खाली करण्याची गरज निसर्गात फारशी पडत नाही, म्हणून ती क्षमताही तुटपुंजी आहे. एखाद-दोन अंशांपलीकडे गेले की दोन प्रतिमा एक होतच नाहीत, आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे डोळ्यांवर ताण येऊ लागतो. याचा पडताळा घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. २०१३ मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला तेव्हा मराठी प्रेक्षकांनी तो चष्मा लावून पाहिला. अशा खेळात खुर्चीत बसल्या बसल्या मान एका खांद्याकडे झुकवून पाहावी. पडद्यावरचा फरक आडवाच राहतो, डोळ्यांची रेषा मात्र तिरपी होते. खोली पातळ होत जाते, दोन प्रतिमा वर-खाली सुटू लागतात आणि मान सरळ करावीशी वाटते.

याहून बोलका प्रयोग एका कागदावर करता येतो. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरच्या दोन कॅमेऱ्यांनी घेतलेल्या प्रतिमांपासून केलेले लाल-निळे त्रिमिती चित्र इस्रोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात डाव्या कॅमेऱ्याची प्रतिमा लाल रंगात आहे आणि उजव्याची निळ्या-हिरव्या रंगांत. ते छापून रंगीत काचांच्या चष्म्यातून पाहिले की चंद्राची जमीन दूरवर पसरत जाते. आता कागद काटकोनात फिरवावा. रंगांच्या कडा शेजारी-शेजारी असायच्या त्या वर-खाली होतात आणि खोली नाहीशी होते. मग कागद तसाच ठेवून मान त्याच बाजूला, जमेल तितकी आडवी करावी. खोली परत येते. चित्र जमिनीच्या संदर्भात आडवे पडलेले आहे, पाहणाराही आडवा झालेला आहे, आणि तरी स्टिरिओ पुन्हा जमले आहे. म्हणजे खोली दिसण्यासाठी दोन चित्रांतल्या फरकाची दिशा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांची रेषा यांचे जुळणे पुरेसे असते. क्षितिजाचा त्यात संबंध येत नाही.

इथे दोन नाती वेगळी होतात. डाव्या आणि उजव्या चित्राच्या जागांना जोडणाऱ्या रेषेला आपण आधाररेषा म्हणू. पहिले नाते आधाररेषेचे आणि चित्राच्या चौकटीचे : चौकटीची खालची कड या रेषेशी समांतर हवी, कारण दर्शकात चित्र ठेवताना किंवा पडद्यावर दाखवताना आपण ती कडच डोळ्यांना समांतर धरतो. दुसरे नाते आधाररेषेचे आणि क्षितिजाचे. पहिले नाते बिघडले तर जोडचित्र पाहताच येत नाही, किंवा त्रासाने पाहावे लागते. दुसरे बिघडले तर जोडचित्र दिसते, पण त्यातले जग कललेले दिसते. ‘कॅमेरा सरळ धरा’ ही सूचना या दोन्ही नात्यांना एकाच शब्दात बांधते आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. कॅमेरा वर किंवा खाली झुकवणे हा प्रकार तर या दोन्हींच्या बाहेरचा आहे. देवळाचे शिखर टिपण्यासाठी दोन भिंगांचा कॅमेरा आकाशाकडे वळवला तर दोन्ही भिंगे सारखीच वर पाहतात, आधाररेषा आडवीच राहते आणि स्टिरिओला काही होत नाही. उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे झुकतात खऱ्या, पण त्या दोन्ही चित्रांत सारख्याच झुकतात. पाणसळ पाहायची ती डावी-उजवी बाजू वर-खाली होऊ नये म्हणून, म्हणजे कॅमेरा कलंडू नये म्हणून.

क्षितिजच नसलेली स्टिरिओ चित्रे या मांडणीचा उत्तम पुरावा आहेत. भूगोलाचे विद्यार्थी प्रात्यक्षिकात विमानातून घेतलेली छायाचित्रे खिशात मावणाऱ्या स्टिरिओस्कोपखाली पाहतात. विमान एका रेषेत उडत असताना साधारण साठ टक्के भाग सामाईक राहील अशा बेताने एकामागून एक चित्रे घेतली जातात. वारा आडवा असेल तर विमानाचे नाक उड्डाणाच्या दिशेपासून थोडे वळलेले असते, त्यामुळे चित्राच्या कडा उड्डाणरेषेला समांतर असतीलच असे नाही. विद्यार्थ्याने करायचे काम असे : कडांवरच्या खुणा जोडून प्रत्येक चित्राचा मध्यबिंदू काढायचा, पहिल्या चित्राचा मध्यबिंदू दुसऱ्या चित्रात जमिनीवर नेमका कुठे पडतो ते शोधायचे, तसेच दुसऱ्याचे पहिल्यात, आणि या खुणा जोडून दोन्ही चित्रांवर उड्डाणरेषा आखायची. मग दोन्ही चित्रे अशी मांडायची की त्या रेषा एकाच सरळ रेघेत येतील आणि ती रेघ स्टिरिओस्कोपच्या भिंगांना समांतर राहील. कागदाच्या कडा टेबलावर तिरप्या राहिल्या तरी चालते. रेषा दोन-चार अंशांनी चुकली की मात्र टेकडी उठून दिसण्याऐवजी डोळे दुखू लागतात. इथे विद्यार्थ्याने समपातळीचा विचारही केलेला नसतो. त्याने आधाररेषा शोधून ती डोळ्यांशी जुळवलेली असते. वॉरन डी ला र्‍यू यांनी १८५० च्या दशकाच्या अखेरीस चंद्राची स्टिरिओ चित्रे केली तेव्हा हेच तत्त्व वापरावे लागले. चंद्र आपल्याला थोडा डोलताना दिसतो. त्या डोलण्यातून मिळालेली दोन चित्रे अशी फिरवून मांडावी लागतात की डोलण्याची दिशा डोळ्यांच्या रेषेत येईल. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना काही अंशांनी कलता करून दुसरे चित्र घेतात आणि कलण्याचा अक्ष उभा राहील असे चित्र फिरवून पाहतात. वर आणि खाली या शब्दांना तिथे अर्थच नसतो.

मोजमापासाठी घेतलेल्या स्टिरिओतही हेच दिसते. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या गाड्यांच्या मस्तकावर तीस सेंटिमीटर अंतरावर बसवलेले दोन कॅमेरे होते. गाडी उतारावर चढत असे. हिवाळ्यात सौरपट्ट्यांवर जास्त ऊन पडावे म्हणून स्पिरिटला मुद्दाम उतारावर कललेले उभे केले जाई. अशा स्थितीत घेतलेल्या चित्रांत जमीन तिरपी दिसते, पण दोन कॅमेरे एकमेकांशी पक्के बांधलेले असल्याने त्यांच्यातला फरक आधाररेषेच्या दिशेनेच असतो. संगणक त्यातून प्रत्येक बिंदूचे अंतर काढतो, गाडी किती कललेली आहे हे तिच्यावरच्या उपकरणांकडून घेतो आणि तयार झालेला भूभाग सरळ करतो. २००५ मध्ये सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाचे दोन कॅमेरे कक्षेच्या दिशेने एक पुढे आणि एक मागे झुकवलेले होते. त्यांची आधाररेषा कक्षेच्या बाजूने पडते आणि नकाशा तयार होताना उत्तर-दक्षिण वेगळी ठरवली जाते. मोजणाऱ्या यंत्राला समपातळीचे बंधन नसते, कारण त्याच्या हाती शेवटी बिंदूंचे स्थान लागते आणि बिंदू हवे तसे फिरवता येतात. छायाचित्रकाराच्या हाती मात्र शेवटपर्यंत दोन चित्रेच असतात. हा भेद ध्यानात ठेवायला हवा, कारण त्यातूनच पुढची अडचण उभी राहते.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग समपातळी सोडूनच द्यावी. दोन भिंगांचा कॅमेरा कसाही धरला तरी आधाररेषा आणि चौकट एकत्रच कलंडतात, स्टिरिओ शाबूत राहते. हे खरे आहे, पण अर्धेच. मान झुकवून जगाकडे पाहिले तर जग कललेले वाटत नाही, कारण मान किती झुकली हे कानातला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला कळवतो आणि मेंदू तेवढी भरपाई करतो. कललेले जोडचित्र पाहणाऱ्याची मान मात्र सरळ असते. कान सांगतो आपण सरळ आहोत, डोळे सांगतात घाट कलला आहे, नदीचे पाणी एका बाजूला वाहून जाणार आहे. साध्या छायाचित्रात हा विरोध सौम्य असतो, कारण आपण एका सपाट कागदाकडे पाहत आहोत ही जाणीव टिकून असते. स्टिरिओचा हेतूच ती जाणीव पुसून पाहणाऱ्याला दृश्याच्या जागी उभे करण्याचा असतो. जितका तो हेतू सफल, तितका कल अधिक खुपतो. म्हणून ज्या चित्रात सरळपणाचा साक्षीदार आहे, म्हणजे समुद्राचे क्षितिज, तळ्यातले पाणी, दाराची चौकट, दीपमाळ, उभे राहिलेले माणूस, तिथे दुसरे नातेही सांभाळावे लागते.

आता अडचणीच्या गाभ्याकडे येऊ. चित्र कललेले निघाले तर साधा छायाचित्रकार ते नंतर फिरवून सरळ करतो आणि कडा थोड्या कापल्या जातात इतकेच नुकसान होते. स्टिरिओत दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे फिरवली की क्षितिज सरळ होते, पण आधाररेषा फिरत नाही. ती चित्र घेतानाच जगात ठरून गेलेली असते. १९४७ मध्ये बाजारात आलेल्या स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या भिंगांत सुमारे सत्तर मिलिमीटर अंतर होते. कॅमेरा पाच अंशांनी कलंडला तर एक भिंग दुसऱ्यापेक्षा सहा मिलिमीटर वर जाते. दहा अंशांनी कलंडला तर बारा. चित्रे फिरवून सरळ केली तरी ही उंची तशीच उरते आणि आडव्या फरकासोबत उभा फरकही दिसू लागतो. पाच अंशांच्या कलाला उभा फरक आडव्याच्या साधारण अकराव्या-बाराव्या हिश्शाइतका असतो, दहा अंशांना जवळपास सहाव्या. आधाररेषा छोटी असो की मोठी, वस्तू जवळ असो की लांब, हे प्रमाण बदलत नाही. उभा फरक सगळीकडे सारखा असता तर एक चित्र थोडे वर सरकवून काम भागले असते. पण तो जवळच्या वस्तूसाठी मोठा आणि दूरच्या डोंगरासाठी शून्य असतो. डोंगर जुळवला की समोरची फांदी सुटते, फांदी जुळवली की डोंगर सुटतो. छायाचित्रकारापुढे दोनच वाटा राहतात : क्षितिज सरळ आणि डोळ्यांना त्रास, किंवा डोळ्यांना आराम आणि क्षितिज तिरपे. १९५२ च्या व्ह्यू-मास्टर पर्सनल कॅमेऱ्यात चौकट पाहायच्या खिडकीतच बुडबुडा दिसावा अशी सोय होती, ती मला या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. दोन भिंगांमधले अंतर, त्यांची समांतरता, दोन्ही चित्रांची एकच वेळ, हे सगळे कारखान्यात पक्के होऊन येते. छायाचित्रकाराच्या हाती उरते ते डावे-उजवे सरळ धरणे, आणि तेच नंतर दुरुस्त होत नाही.

एकाच साध्या कॅमेऱ्याने दोन वेळा टिपून जोडचित्र करणाऱ्यांसाठी हाच धोका वेगळ्या रूपात येतो, आणि तो ओळखणे जास्त कठीण आहे. डावे चित्र घेऊन कॅमेरा सरकपट्टीवरून उजवीकडे सरकवायचा आणि दुसरे घ्यायचे, ही रूढ पद्धत. तिपाईच्या डोक्यावर पट्टी आणि पट्टीवर थेट कॅमेरा अशी जुळणी असेल तर पट्टी कलली की कॅमेराही तितकाच कलतो. चूक पडद्यावर लगेच दिसते. पण पट्टी आणि कॅमेरा यांच्या मध्ये फिरते बॉल हेड बसवले असेल तर पट्टी पाच अंशांनी तिरपी असतानाही कॅमेरा त्यावर सरळ करता येतो. त्याची इलेक्ट्रॉनिक पाणसळ दोन्ही वेळा हिरवी दिसते, दोन्ही चित्रांत क्षितिज अगदी सरळ येते, आणि जोडचित्र मात्र आत्ता सांगितलेल्या दुखण्यासह जन्माला येते. उलट बाजूने पट्टी बरोबर आडवी असेल आणि कॅमेराच दोन्ही वेळा सारखा कलला असेल, तर दोन्ही चित्रे तितक्याच अंशांनी फिरवली की सगळे जागेवर येते. पाणसळ कॅमेऱ्यावर लावण्याआधी पट्टीवर लावावी, ती याच कारणासाठी. तिपाईशिवाय, शरीराचा भार डाव्या पायावरून उजव्यावर घेत दोन चित्रे टिपणाऱ्यांनाही हेच लागू आहे. साडेसहा सेंटिमीटर सरकताना हात एक सेंटिमीटर खाली आला तर आधाररेषा जवळजवळ नऊ अंशांनी कलंडली. गडाच्या उतारावर, पायऱ्यांवर किंवा ओल्या वाळूत असा एक सेंटिमीटर नकळत जातो. कॅमेऱ्यातली पाणसळ याविषयी काहीच सांगू शकत नाही, कारण तिला कॅमेऱ्याचा कल कळतो, त्याचा प्रवास कळत नाही. दूरच्या डोंगरासाठी दोन जागा काही मीटर अंतरावर निवडताना जमिनीची उंची सारखी आहे का हे पाहण्यामागेही तेच कारण आहे.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतील आणि त्यांत तथ्यही आहे. पहिला आक्षेप असा की आजच्या संगणकीय आज्ञावली जोडचित्रे आपोआप जुळवतात; स्टिरिओफोटो मेकर तर फुकट मिळते. अशा साधनांचे मोल मोठे आहे, पण ती काय दुरुस्त करतात हे नीट पाहायला हवे. दोन कॅमेरे शेजारी लावले आणि त्यांतला एक अंशभर वळलेला राहिला, तर छत्तीस मिलिमीटर रुंद चौकटीच्या एका टोकाला चित्र सुमारे तीन दशांश मिलिमीटर वर आणि दुसऱ्या टोकाला तितकेच खाली जाते. ही चूक निव्वळ फिरण्याची आहे. वस्तू किती लांब आहे यावर ती अवलंबून नसते, म्हणून उलटे फिरवून ती संपूर्ण नाहीशी होते. एक कॅमेरा किंचित वर पाहत असेल तर तेही बहुतांशी सरकवून भरून निघते. जागेची चूक वेगळी आहे. आज्ञावली तिथे एकतर चौकट आधाररेषेशी जुळवून क्षितिज तिरपे ठेवते, नाहीतर मधल्या कुठल्यातरी अंतरावर तडजोड करते. जवळ-दूरचे नाते तिला नव्याने घडवता येत नाही. ते घडवू पाहणारी साधनेही आता आली आहेत. ती खोलीचा अंदाज बांधून दुसऱ्या डोळ्याचे चित्र नव्याने रचतात, पण जवळच्या वस्तूच्या कडेमागे जे कॅमेऱ्याने पाहिलेच नाही ते त्यांना कल्पनेने भरावे लागते. जुन्या वाड्याचे, मोडकळीस आलेल्या शिल्पाचे, एखाद्या रोपट्याच्या रचनेचे जोडचित्र आपण पुरावा म्हणून जपणार असू, तर त्यातली कड कल्पनेतून आलेली नसावी असा आग्रह धरणे योग्यच आहे.

दुसरा आक्षेप डोळ्यांच्या सहनशीलतेचा. काही मिनिटांच्या कोनाइतका उभा फरक डोळे सांभाळून घेतात, मग इतक्या काटेकोरपणाची गरज काय? हिशोबाने पाहू. कल एका अंशाचा असेल तर उभा फरक आडव्याच्या सत्तावन्नाव्या हिश्शाइतका, दोन अंशांचा असेल तर एकोणतिसाव्या. आधाररेषेच्या तीसपट अंतरापेक्षा काही जवळ येऊ द्यायचे नाही, हा जुना ठोकताळा पाळला असेल तर इतका कल चित्रे फिरवून मिटवावा आणि त्याचा विचार सोडावा. त्यापायी क्षण निसटू देणे चूक ठरेल. पाच अंशांपाशी चित्र बदलते. सत्तर मिलिमीटरची आधाररेषा आणि दोन मीटरवरची वस्तू घेतली तर उभा फरक कोनाच्या दहा मिनिटांच्या आसपास येतो. डोळे तोही जुळवतात, पण नजर जवळून दूर आणि दुरून जवळ गेली की दर वेळी नव्याने जुळवावा लागतो, आणि अशी सवय डोळ्यांना नसते. एक चित्र निभावते. पन्नास चित्रांचा कार्यक्रम पाहून उठलेला प्रेक्षक डोके धरतो आणि दोष स्टिरिओलाच देतो. वस्तू सत्तर सेंटिमीटरवर आली आणि कल दहा अंशांचा झाला तर तो फरक एक अंशाला भिडतो. तिथे अनेकांना दोन प्रतिमाच दिसतात. फोनवर त्रिमिती दृश्ये टिपताना ही झळ कमी लागते, कारण त्यातल्या भिंगांमध्ये साधारण दोनच सेंटिमीटरचे अंतर असते. तरीही ॲपलने २०२४ च्या आयफोन १६ मध्ये दोन भिंगे एकाखाली एक बसवली, ती फोन आडवा धरल्यावर शेजारी-शेजारी यावीत म्हणून. आधाररेषेचा नियम छोट्या साधनालाही चुकत नाही.

तिसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो. सिनेमात आणि छायाचित्रणात कॅमेरा मुद्दाम तिरपा धरून अस्वस्थता निर्माण करतात. स्टिरिओलाच ते स्वातंत्र्य का नसावे? ते आहेच. आधाररेषा आणि चौकट एकत्र कलंडू द्या, चित्रे फिरवू नका, आणि तिरपे जग तिरपेच दाखवा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्यात काही त्रास नाही. अस्वस्थता आली तर ती कलाकाराने मागितलेली आहे. फुलाचा, कीटकाचा, दगडाच्या पोताचा जवळून घेतलेला स्टिरिओ तर कोणत्याही कोनात घ्यावा, कारण तिथे सरळपणाचा साक्षीदारच नाही. मात्र पट्टी आणि चौकट यांची समांतरता अशा चित्रांत दुप्पट काळजीने सांभाळावी लागते, कारण वस्तू जवळ असल्याने फरक मोठे असतात. स्वातंत्र्य क्षितिजापासून मिळते, आधाररेषेपासून मिळत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाने समपातळीकडे क्रमाने पाहावे अशी माझी विनंती आहे. आधी विचारावे : माझ्या दोन चित्रांना जोडणारी रेषा कुठली आणि चौकट तिच्याशी समांतर आहे का? हा प्रश्न प्रत्येक जोडचित्राला लागू आहे, ते विमानातले असो की सूक्ष्मदर्शकातले. मग विचारावे : माझ्या दृश्यात सरळपणा सांगणारे काही आहे का, आणि त्यात जवळचे व दूरचे एकत्र आले आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर बटण दाबण्यापूर्वी पट्टी, पाय आणि कॅमेरा यांची डावी-उजवी उंची तपासण्यात घालवलेला वेळ सत्कारणी लागतो, कारण ही चूक घरी नेऊन सुधारता येत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर तो वेळ प्रकाशाला, रचनेला आणि आधाररेषेची लांबी ठरवण्याला द्यावा. पुढच्या प्रकरणांत कॅमेरे, पट्ट्या, जुळणीच्या आज्ञावली आणि पाहण्याची साधने यांची माहिती येईल आणि त्यांतली काही साधने लवकरच जुनी होतील. व्हीटस्टन यांच्या आरशांपासून आजच्या फोनपर्यंत जे टिकून राहिले आहे ते हे भूमितीचे नाते. ते एकदा समजले की प्रत्येक नव्या साधनावर पाणसळ कुठे लावायची हे वाचकाला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.